थकबाकी किती, डॉक्टर?

महिन्या-दोन महिन्यांतून एखादा फोन येतोच. ओळखीतली कुणी, नाहीतर ओळखीतल्या कुणाची भावजय. आधी तब्येतीची चौकशी, मग पाऊसपाणी, मग आवाज एकदम खाली जातो. "तुम्ही ते करून घेतलंत ना... त्या डॉक्टरांचं नाव सांगता का?" ‘ते’ म्हणजे काय हे दोघींनाही कळलेलं असतं. मराठीत त्याला स्तन-पुनर्रचना म्हणतात, पण तो शब्द तोंडानं उच्चारणारी बाई मला अजून भेटायची आहे. मीही ‘ते’च म्हणते.

मी नाव सांगते. ओपीडीचे वार सांगते, कुठल्या गेटनं आत जायचं तेही सांगते. फोन ठेवल्यावर मात्र काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटत राहतं. नावं मलाही मिळाली होती, एक सोडून तीन. त्यातल्या पहिल्याच नावावर मी सही करून मोकळी होणार होते.

सांगलीत एका सहकारी बँकेत मी बावीस वर्षं कर्जाच्या फायली बघते. आमच्याकडे माणूस येतो तो कुणाचं तरी नाव घेऊनच. ‘मला अमुक साहेबांनी पाठवलंय.’ त्या नावाला आम्ही चहा पाजतो आणि मग तीन वर्षांचा ताळेबंद मागतो. हे इतकं अंगवळणी पडलेलं, पण स्वतःच्या अंगावर सुरी चालवून घ्यायची वेळ आली तेव्हा ताळेबंद मागायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टरच्या टेबलापलीकडे बसलं की आपण अर्जदार होतो.

डाव्या बाजूची गाठ, किमो, सबंध स्तन काढला, मग लाइट, म्हणजे रेडिएशन. त्यावर इथे लिहीत नाही. एकतर त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि दुसरं म्हणजे मला ते पुन्हा आठवायचं नाही. लाइटच्या पंधरा बैठका संपल्या तेव्हा त्या बाजूची कातडी काळवंडून बरगड्यांना चिकटल्यासारखी झाली होती, एवढं पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

सिलिकॉनचा पॅड मिळतो, तो वापरा म्हणाले. मे महिन्यात सांगलीत तो वापरून बघावा. माझी आत्या मिरजेत ब्लाउज शिवते, पन्नास वर्षं झाली. तिनं माझी रड ऐकून घेतली, काही बोलली नाही, आणि आठवड्यानं मलमलीची एक थैली घेऊन आली. आत मोहरी. माझ्या मुलाचं डोकं गोल व्हावं म्हणून तो तान्हा असताना शिवलेली उशी तिनं जपून ठेवली होती, ती उसवली. वजन नुसत्या अदमासानं घातलेलं, आणि अदमास बरोबर. ब्लाउजला आतून खिसा लावून दिला. दीड वर्ष मी ती मोहरी घालून बँकेत गेले. त्रास एकच. एसटीत चढताना, किंवा रेकॉर्ड रूममध्ये वरच्या फळीवरची फाइल काढताना, ती सरसरायची. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नसेल. मला यायची.

‘आता या वयात कशाला?’ असं मला चौघींनी विचारलं. त्यातली एक मीच. लाइटच्या रांगेत भेटलेल्या माझ्या मैत्रिणीनं काहीच करायचं नाही असं ठरवलं, पॅडसुद्धा नाही. सैलसा कुडता घालून ती गावभर स्कूटर फिरवते आणि मजेत आहे. तिचं बरोबर आहे. माझं कारण काही फार मोठं नव्हतं. मला ती सरसर नको होती.

पहिलं नाव पुण्याचं, नात्यातल्या एकानं दिलेलं. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर प्रमाणपत्रं. डॉक्टरांनी टॅबवर फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. ‘नंतर’ सगळेच सुंदर. माझ्या फायलीचं पहिलं पान त्यांनी वाचलं. लाइट दिल्याची नोंद दुसऱ्या पानावर होती. "इम्प्लांट टाकून देऊ. दीड तासाचं काम, तिसऱ्या दिवशी घरी." मग माझ्या नवऱ्याकडे वळून हसत, "काय साहेब, तुम्हीच सांगा, केवढं ठेवायचं?" नवरा स्वतःच्या बुटांकडे बघत बसला. मी विचारलं, काही बिघडलं तर? "मॅडम, आमच्याकडे बिघडत नाही. हंड्रेड पर्सेंट."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला राग आला नाही. हलकं वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणी ‘बिघडत नाही’ म्हणालं होतं. बाहेर काउंटरवर आगाऊ रक्कम भरायला मी कार्डही काढलं होतं. मशीनला रेंज नव्हती. मुलगी म्हणाली, उद्या ऑनलाइन भरा.

कोयनेनं परत येताना, कऱ्हाडच्या आसपास, ते ‘हंड्रेड पर्सेंट’ घशात अडकलं. ज्या शाखेचा एनपीए शून्य दिसतो तिथे आमचे तपासनीस दोन दिवस जास्त बसतात. थकबाकीच नाही अशी शाखा नसते. एकतर तिनं कर्जच दिलेलं नसतं, नाहीतर कागद फिरवलेले असतात. जे वाक्य मी कुठल्याही शाखाधिकाऱ्याच्या तोंडून ऐकून घेतलं नसतं, ते ऐकून मी पाकीट उघडलं होतं.

मग वाचायला लागले. सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं. पुढे १९९२मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं त्याच्या वापरावर कडक बंधनं घातली, ती २००६मध्ये सैल केली, आणि २०१९मध्ये एका कंपनीची खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट एका दुर्मीळ कॅन्सरच्या (लिम्फोमाच्या) भीतीनं जगभरातून परत बोलावली गेली. म्हणजे इम्प्लांट वाईटच असं नव्हे. असंख्य बायका ते सुखानं वागवतात, आणि ज्यांना लाइट घ्यावा लागलेला नाही त्यांच्यासाठी तो सरळ, छोटा रस्ता असू शकतो. पण इम्प्लांटभोवती शरीर आपलं एक आवरण विणतं, आणि लाइट दिलेल्या जागी ते आवरण आवळून दगड होण्याची शक्यता बरीच वाढते. शिवाय इम्प्लांट जन्मभराचं नसतं, कधीतरी बदलावं लागतं. यातलं काहीही मला त्या गार खोलीत कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला दुसरं पान उलटावं लागलं असतं.

दुसरं नाव आमच्याच गावातलं. एमसीएच, म्हणजे एमएसनंतर आणखी तीन वर्षं फक्त प्लास्टिक सर्जरी शिकलेले. (हे बघायचं असतं. ‘कॉस्मेटिक’, ‘एस्थेटिक’ अशा पाट्या खूप लागतात. पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा नावापुढे एमसीएच किंवा त्याच्या तोडीचं डीएनबी (आता त्याला डीआरएनबी म्हणतात) आहे का ते बघावं.) बाकावर माझ्या शेजारी रसवंतीच्या चरकात बोटं गेलेला एक पोरगा बसला होता, पलीकडे स्टोव्हनं भाजलेली बाई. इथे फोटोंचा टॅब नव्हता. डॉक्टरांनी छातीवरची कातडी दोन बोटांत धरून उचलायचा प्रयत्न केला. उचलली जाईना. मग पाठीला, खांद्याच्या पात्याखाली चिमटा घेऊन बघितलं, मग पोटाला.

"ही कातडी ताणणार नाही," ते म्हणाले. "पाठीचा स्नायू कातडीसकट फिरवून पुढे आणता येईल. ते मी नेहमी करतो, ठीक होईल. पण तुमच्या बाबतीत पोटाचं जास्त चांगलं होईल, आणि ते मायक्रोसर्जरीचं काम आहे. मी शिकलोय, पण वर्षाला एखाद-दुसरी केस. एवढ्यावर हात राहत नाही. तुम्ही मुंबईला जा." चिठ्ठी लिहून दिली. फी घेतली, तीनशे रुपये. इतक्या वर्षांत मी दिलेल्या पैशांतले ते सगळ्यात वसूल झालेले तीनशे.

पोटाचं म्हणजे काय, तर बेंबीखालची कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट काढायची, वर छातीत नेऊन ठेवायची आणि रक्तवाहिनी तिथल्या रक्तवाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडायची. १९८२मध्ये अटलांटाच्या हार्ट्राम्फ नावाच्या सर्जननं स्तनासाठी पोटाचा वापर केला तेव्हा सोबत पोटाचा स्नायूही वर न्यावा लागे, आणि पोट कमकुवत व्हायचं. १९८९मध्ये जपानच्या कोशिमांनी दाखवलं की स्नायू जागेवर ठेवून, त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घेता येतात. नव्वदच्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या रॉबर्ट ॲलन यांनी ते स्तनासाठी करून दाखवलं. त्याला आता ‘डीप’ म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून. जोडायची रक्तवाहिनी दोन-तीन मिलिमीटरची, धागा केसाहून बारीक. दोन मुलांनंतर सुटलेल्या ज्या पोटावरून घरात-दारात टोमणे खाल्ले, ते पोट म्हणजे माझी मुदत ठेव निघाली.

तिसरं नाव त्या चिठ्ठीवर होतं. महालक्ष्मीनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठली, आणि तिथे ओपीडीच्या भिंतीवर मला कावसजी भेटला.

जुन्या इंग्रजी छापील चित्राची प्रत होती ती. पागोट्यातला माणूस, कपाळावर मोठा व्रण, खाली नीटनेटकं नाक. १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकिगत छापून आली. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा हा मराठा गडी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्याभोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी मात्र कापली नाही, कारण तिच्यातून रक्त येत राहतं. पंचवीस दिवसांनी, नवं नाक जागेवर रुजल्यावर, ती पट्टी तोडली. हे वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जननं १८१४मध्ये लंडनमध्ये तसं नाक केलं, आणि तिथून ही विद्या युरोपभर गेली.

त्या हकिगतीत शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत. करणाऱ्याचं नाव नाही. विटा पाडणाऱ्या जातीतला माणूस, एवढंच. मी त्या बाकावर दोन तास बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, कावसजीनं त्याला कसं निवडलं असेल? नाव ऐकून तर नक्कीच नाही. त्यानं आधी केलेली एखाद-दोन नाकं गावातून फिरताना बघितली असतील. एखादं सडलेलंही बघितलं असेल.

पैसे भरायच्या स्लिपच्या मागे मी प्रश्न लिहून आणले होते. आत गेले तर प्रश्न डॉक्टरच विचारायला लागल्या. पन्नाशीच्या बाई, केस आखूड, चष्मा डोक्यावर. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, सगळी वाचली. मग, "ताई, दिवसभर काम काय करता?" बँकेत. "खुर्चीवर?" खुर्चीवर, आणि रेकॉर्ड रूममध्ये. "वरच्या फळीवरच्या फायली कोणत्या हातानं काढता?" मी डावखुरी आहे. "मग पाठीचा स्नायू नको घ्यायला. खांद्याला जाणवेल." सिझेरियनचा व्रण बघितला, म्हणाल्या चालेल, सीटी अँजिओ केली की पोटातल्या वाहिन्या कळतील. मग हातमोज्याच्या पाकिटाचा कागद कात्रीनं कापून माझ्या छातीवर ठेवला. थोडा कापला. पुन्हा ठेवला. तोच कागद पोटावर आडवा ठेवून पेननं रेघ मारली. कपड्यावर कागद ठेवून बेतायच्या वेळी आत्या जीभ जराशी बाहेर काढते, तशी यांचीही आली होती.

मग मी स्लिप काढली. वाचताना हात थरथरत होता, हे लिहायला हरकत नाही. अशा किती केल्यात? किती पूर्ण बिघडल्या? बिघडल्यावर काय केलंत? रात्री दोन वाजता काही झालं तर कोण येणार?

"दीडशेच्या वर," त्या म्हणाल्या. "तीन फ्लॅप गेले. म्हणजे पोटावरून वर नेलेले तुकडे मृत झाले, काढून टाकावे लागले. दोन का गेले ते सांगता येईल पण टाळता आलं नसतं. एक माझ्यामुळे गेला. शिरेला पीळ पडला होता. मी तासभर आधी उघडायला हवं होतं, थांबले." खोलीतल्या शिकाऊ डॉक्टरनं मान खाली घातली. "जोडणी मीच करते, हे लोक मदतीला असतात. रात्री आधी हे येतील, मग मी. पंचवीस मिनिटांवर राहते. पोटाची जखम भरायला कधीकधी वेळ लागतो. आणि एक, त्या जागेला स्पर्श कळणार नाही, किंवा फार थोडा कळेल. दिसेल, पण कळणार नाही. हे समजून घेऊन या."

निघताना मी विचारलं, ज्यांचं झालंय अशा कुणाशी बोलता येईल का? नंबर देता येणार नाही म्हणाल्या, पण विचारून बघते. तिसऱ्या दिवशी दोन फोन आले. पहिल्या बाईंचं उत्तम झालेलं. दुसऱ्या बाई त्या तिघींमधल्या होत्या. मला कळेचना काय बोलावं. त्याच बोलल्या. "वाईट वाटलं हो. पंधरा दिवस मी आरसा झाकून ठेवला होता. पण त्या रोज यायच्या, रविवारीपण. माझ्या तोंडाकडे बघून बोलायच्या. तुमचा फोन त्यांनी मुद्दाम माझ्याकडेच दिला असणार."

बुडीत खात्याचा पत्ता स्वतःहून देणारा शाखाधिकारी मी बावीस वर्षांत बघितलेला नाही.

विम्याचं थोडक्यात. काउंटरवरच्या मुलानं ‘प्लास्टिक सर्जरी’ वाचलं आणि कॉस्मेटिकला क्लेम बसत नाही म्हणाला. मी पॉलिसीच घेऊन गेले होते. न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत कलम आठ कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचंच आहे, पण त्याच वाक्यात पुढे अपवाद दिलाय: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना. विमा नियामकानं ठरवून दिलेली भाषा आहे ती. डॉक्टरांचं तसं पत्र जोडलं, तीन आठवडे भांडले, पैसे मिळाले. तुमच्या पॉलिसीतही ते वाक्य शोधा, आणि शेवटपर्यंत वाचा.

रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून टॅमॉक्सिफेन, माझी कॅन्सरनंतरची गोळी, काही आठवडे आधी बंद केली. सकाळी मला उभं करून डॉक्टरांनी अंगभर जांभळ्या रेघा मारल्या, आणि मी आठ तास कुठे नव्हते.

आठवते ती रात्र. दर तासाला सिस्टर यायची. नवीन जागी बोट दाबायची. दाबलं की पांढरं, सोडलं की मनात एक-दोन म्हणेपर्यंत पुन्हा रंग यायला हवा. लगेच आला तरी वाईट, म्हणजे रक्त आत तुंबतंय. उशिरा आला तरी वाईट. मग पेनासारखी डॉप्लरची कांडी टेकवायची आणि खोलीत आवाज यायचा, हुश्श-हुश्श, लांबून आगगाडी यावी तसा. पोटातली चरबी छातीत जिवंत असल्याचा आवाज. मी त्याच आवाजावर डोळा लावायचे. अडीचच्या सुमाराला तिनं कांडी टेकवली आणि आवाज आला नाही. तिनं जागा बदलली. नाही. जेल लावलं. नाही. ती काही न बोलता बाहेर गेली, शिकाऊ डॉक्टर आला, त्यानं कांडी बोटभर वर तिरकी धरली आणि हुश्श-हुश्श. "मिळाला," तो म्हणाला. त्याचाही श्वास सुटला असावा.

सव्वातीनला डॉक्टर आल्या. साधा पंजाबी ड्रेस, पायात घरच्या चपला. आवाज मिळाल्याचं त्यांना वाटेतच कळलं होतं, तरी आल्या. बोट दाबलं, मोजलं, पुन्हा दाबलं. "छान गुलाबी आहे. झोपा." आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर अर्धा तास फोन बघत बसून राहिल्या.

पोटाच्या टाक्यांचा एक कोपरा खरंच उकलला. पाच आठवडे ड्रेसिंग. सांगितलेलं असल्यामुळे रडले नाही, फक्त चिडले. स्तनाग्राचं पुढे छोटं काम करता येतं, किंवा गोंदवून घेता येतं; ती तारीख मी दोनदा पुढे ढकलली आहे. बघू.

पाचव्या महिन्यात आत्याकडे गेले. तिनं दार लावलं, टेप काढली, चष्मा पुसला. तिच्या वहीत माझं जुनं पान आहे, तिथे ‘उ.’ आणि ‘डा.’ अशा दोन ओळी. डाव्या ओळीत दोनेक वर्षांपूर्वी तिनं नुसती रेघ मारली होती. गार टेप फिरवत ती म्हणाली, डावी अर्धा इंच वर बसलीय. मी म्हटलं, हो, उजवी नंतर उचलून सारखी करता येते म्हणाल्यात. "काही नको. सगळ्यांच्याच दोन मापाच्या असतात. पन्नास वर्षं मी दोन्हीची मापं वेगळी घेते, बायकांना सांगत नाही." मग तळहात खाली लावून तोलून बघितलं, बाजूनं बघितलं, शिवणीवर बोट फिरवलं.

"कुणी बेतलंय गं?"

मी नाव सांगितलं. तिला ते कुठलं माहीत असणार. "हात चांगलाय," म्हणाली आणि रेघेच्या पुढे आकडा लिहिला.

मी ब्लाउजची बटणं लावत होते तेवढ्यात तिला आठवलं. "आणि ती मोहरी आणून दे मला. ऊन दाखवून ठेवते. बबनच्या सुनेला आठवा लागलाय."